डोस बदलण्याआधी

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या माणसाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडला, की नजर आधी टीएसएचवर जाते. आकडा रेंजच्या बाहेर असेल तर डोस बदलायचा, आत असेल तर कागद फायलीत टाकायचा, ही आपल्याकडची रूढ रीत. तिच्या अगदी उलट रीतही तितकीच रूढ आहे: अंगाला बरं वाटतंय ना, मग आकड्याचं काय घेऊन बसायचं? तळेगावहून सुटलेली लोकल लोणावळ्याला पोचेपर्यंत जेवढी गावं लागतात, त्या प्रत्येक गावात दोन्ही रीतींची माणसं सापडतील, आणि पुष्कळदा एकाच घरात. हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत जवळजवळ अकरा टक्के लोकांचा थायरॉइड कमी काम करताना आढळला होता. म्हणजे दर नऊ-दहा माणसांमागे एक. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना गोळी आयुष्यभर घ्यायची असते, आणि ती किती घ्यायची हे दर काही महिन्यांनी नव्याने ठरत असतं.

हा वाद मांडायला दोन आवाज घेतले आहेत. एक कामशेतच्या वहिनीचा. घरी दुधाचा धंदा, पहाटे उठून गोठा, गोळी पन्नासची. दुसरा तिच्या नणंदेचा, जी तळेगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोघी कल्पित आहेत, त्यांचं भांडण खरं आहे. माझं म्हणणं दोघींपेक्षा थोडं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: आकडा खरा की अंग खरं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गेले दीड-दोन महिने गोळी पोटात गेली कशी. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय डोसला हात लावणं ही घाई आहे.

वहिनी: वन्सं, तुमच्या कागदावर टीएसएच सहा पॉइंट आठ आला, म्हणून पन्नासची गोळी पंच्याहत्तरची करा म्हणता. मला तर काही होत नाही. आणि मागच्या खेपेला तोच आकडा अडीच होता, तेव्हा अंग ओढून न्यावं लागत होतं. मग मी कागदाचं ऐकू की अंगाचं?

वन्सं: अंगाचं ऐकून हा डोस ठरत नाही, वहिनी. थकवा, केस गळणं, वजन वाढणं, अंग दुखणं यांना पन्नास कारणं असतात. टीएसएच म्हणजे पियूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम. रक्तात हार्मोन कमी पडलं की हुकूम जोरात सुटतो, जास्त झालं की बंद होतो. यात तुझं-माझं मत कुठे आलं?

वहिनी: टीएसएच तपासायची सोय नव्हती तेव्हा माणसं बरी होत नव्हती का?

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तिची सूज उतरली, बोलणं-चालणं सुधारलं आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. मरे यांच्याकडे टीएसएच नव्हता. बाईकडे पाहूनच त्यांनी मात्रा ठरवली. पण याच इतिहासाचं दुसरं पानही वाचायला हवं. अंगावरच्या खुणा पाहून डोस ठरवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत चालली, आणि त्या काळात दिवसाला दोनशे-तीनशे मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त थायरॉक्सिन सर्रास दिलं जाई. टीएसएच नेमका मोजता येऊ लागल्यावर कळलं, की यातल्या बऱ्याच जणांना गरजेपेक्षा पुष्कळ जास्त गोळी चालू होती. आज ज्याची ग्रंथी जवळजवळ पूर्ण निकामी आहे त्यालाही वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम पुरतं. साठ किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. जादा डोसने त्या लोकांना वाईट वाटत नव्हतं, अनेकांना हुशारीच वाटत असेल. त्या हुशारीची किंमत हृदय आणि हाडं मोजत होती. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी साठीपुढच्या दोन हजार माणसांवर दहा वर्षं लक्ष ठेवून १९९४ मध्ये जो निष्कर्ष आला, त्यात टीएसएच अगदी तळाला गेलेल्यांमध्ये हृदयाचे ठोके बेताल होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही अशाने झिजतात. हे नुकसान सुरुवातीला अंगाला कळत नाही. म्हणून एवढ्यापुरती वन्सं बरोबर आहे: जे अंगाला कळत नाही ते कागदाला विचारावं लागतं.

पण कागद काय सांगतो हे नीट पाहिलं तर वन्संचीही बाजू लंगडी पडते. टीएसएच फार तिखट मोजमाप आहे. रक्तातलं टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, दुप्पट-निमपट झालं, तर टीएसएच दुप्पट-निमपट होत नाही. शंभर पटींच्या घरात हलतो. त्यामुळे हार्मोनमध्ये जरासा फरक पडला तरी टीएसएचचा आकडा उडी मारतो. शिवाय तो सावकाश बोलतो. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, आणि नव्या डोसवर सगळं स्थिरस्थावर व्हायला सहा आठवडे. आजचा टीएसएच आजच्या गोळीविषयी काही सांगत नाही. रतीबाच्या वहीत महिनाअखेरीस जी बेरीज निघते तशी ती गेल्या दीड महिन्याची बेरीज असते. मधले खाडे तिच्यात धरलेले असतात, पण कोणत्या दिवशीचे ते दिसत नाही. डोस बदलून तीन आठवड्यांत पुन्हा तपासणी करणारे, आणि तिच्यावरून पुन्हा डोस बदलणारे, अर्धवट बेरजेवर हिशेब मिटवत असतात.

वन्सं: बरं, मग सांग बघू, गोळी कधी घेतेस?

वहिनी: सकाळी. उपाशीपोटी. डॉक्टरांनी सांगितलंय तश्शी.

वन्सं: आणि चहा?

वहिनी: चहा घेतल्याशिवाय गोठ्यात कोण जातं? चहाबरोबरच घेते. चहा म्हणजे काही खाणं नव्हे.

वन्सं: दूध असतं ना त्यात? आणि त्या कॅल्शियमच्या गोळ्या, गुडघ्यासाठी दिलेल्या?

वहिनी: त्या पण सकाळीच. सगळ्या एकदम घेतल्या म्हणजे विसरायला होत नाही. नाही म्हणायला लावणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा राहूनच जाते गोळी. शेतावर निघायची घाई असते.

इथे वादाचा निम्मा भाग निकालात निघतो. थायरॉक्सिन रिकाम्या पोटीसुद्धा सगळं शोषलं जात नाही. साठ ते ऐंशी टक्केच आत जातं. त्यावर दूध, सोयाबीन, कॉफी, न्याहारी आली की ते आणखी घटतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर त्याला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. पित्ताच्या गोळ्यांनीही शोषण कमी होतं. आता वहिनीच्या खाड्यांचा साधा हिशेब करू. पन्नासची गोळी रोज घेतली तर आठवड्याचे साडेतीनशे मायक्रोग्रॅम. दोन दिवस राहिले तर अडीचशे. फायलीवर डोस पन्नास, प्रत्यक्षात दिवसाला सरासरी छत्तीस, आणि त्यातूनही चहा-कॅल्शियमची वजावट. अशा वेळी आकडा बघून पंच्याहत्तर लिहून दिले, आणि लावणी उरकल्यावर, किंवा सुनेने डबीवर वार लिहून दिल्यावर, वहिनी रोज नेमाने गोळी घेऊ लागली, तर तिच्या वाट्याला पूर्वीच्या दुपटीहून जास्त औषध जाईल. डोस पंचवीसने वाढला असं कागद म्हणेल. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच तळाला जाईल, छातीत धडधड होईल, गोळी कमी केली जाईल, पुन्हा खाडे पडतील, पुन्हा आकडा चढेल. वर्षानुवर्षं ज्यांचा डोस वर-खाली होत राहतो, त्यांच्या बाबतीत ग्रंथी चंचल असण्यापेक्षा दिनक्रम चंचल असण्याचा संभव जास्त असतो.

यावर एक वाजवी आक्षेप येतो, आणि तो वहिनीच्या तोंडूनच ऐकलेला बरा.

वहिनी: वन्सं, तुमची पुस्तकं शहरातल्या लोकांसाठी लिहिलेली. उठल्यावर तासभर काही न खाता-पिता बसायचं, हे कुणाला परवडतं? रात्री घ्या म्हणतात, तर जेवण आठला आणि दहाला आडवं. तीन तास कुठून आणू? माझ्या भावाला विचारा, तळेगाव एमआयडीसीत शिफ्टला जातो. त्याची सकाळ दर आठवड्याला बदलते.

वन्सं: मग नाहीच जमत म्हणून सोडून द्यायचं का?

सोडून द्यायचं नाही, पण शिक्षकासारखं नियमांवरही बोट ठेवायचं नाही. मुद्दा नियम किती कडक पाळला याचा कमी, रोज सारखा पाळला याचा जास्त आहे. आदर्श सांगायचा तर न्याहारीआधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीची वाट खरोखर मोकळी आहे. नेदरलँड्समध्ये नव्वद रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सकाळऐवजी झोपताना गोळी घेतल्यावर टीएसएच आणखी खाली आला, म्हणजे औषध जास्त आत गेलं. कामशेतच्या घरात मात्र जेवण आणि झोप यांत तीन तास नसतात, तेव्हा वहिनीने उठल्या उठल्या, चुलीवर आधण ठेवायच्या आधी, पाण्याबरोबर गोळी घ्यावी, धारा काढून यावं आणि मग चहा घ्यावा, ही तडजोड पुरेशी आहे. गुडघ्याची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर जाऊ शकते. चहा आधीच हवा असेल आणि त्यात बदल होणारच नसेल, तर तेही रोज तसंच असू द्यावं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. शोषण थोडं कमी होईल, पण रोज तेवढंच कमी होईल आणि डोस त्या हिशेबाने बसवता येईल. घात होतो तो सोमवारी चहाबरोबर, मंगळवारी चहाआधी आणि बुधवारी विसरून घेतलेल्या गोळीने. शिफ्टवाल्या भावालाही घड्याळ पाहायची गरज नाही. झोपून उठल्यावर पहिलं काम गोळी, मग ती सकाळ असो वा संध्याकाळ. एखादा दिवस राहिलाच तर घाबरण्यासारखं काही नाही, औषध शरीरात आठवडाभर टिकणारं आहे. आठवेल तेव्हा ती घ्यावी. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र राहिलेल्या गोळ्या एकदम घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तळेगाव-लोणावळ्याच्या या मावळ भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे पाऊस. थायरॉक्सिनच्या गोळ्या उष्णता, उजेड आणि दमटपणा यांनी हळूहळू कमजोर होतात. त्यांची ताकद कायम राहावी म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये या गोळ्यांसाठी मर्यादा आणखी आवळली: मुदत संपेपर्यंत छापील मात्रेच्या ९५ ते १०५ टक्के औषध गोळीत असलंच पाहिजे. आपल्याकडे थायरोनॉर्मसारखी गोळी शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येते. म्हणजे ती बाटली तीन-चार महिने रोज उघडली जाते. जूनमध्ये फोडलेली बाटली लोणावळ्यात सप्टेंबरपर्यंत पुरते, आणि तेवढे सगळे दिवस भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं. ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्याशेजारी, अर्धवट झाकण लावून ठेवली असेल तर आतल्या गोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा? आठवड्याच्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या पुडीत बांधणारेही असतात. बाटली कपाटात, तिच्याच झाकणात, मोरी आणि चुलीपासून लांब ठेवावी. कंपनी वारंवार बदलू नये, आणि दुकानात दुसरी मिळाली तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावं, म्हणजे दीड महिन्याने तपासणी करता येईल.

वहिनी: एवढं सगळं धरलं तर तुमचा रिपोर्ट म्हणजे माझ्या घरातला जमाखर्च झाला. मग त्यात डॉक्टरांना डोस बदलण्यासारखं दिसतं तरी काय?

वन्सं: दिसतं. पण नुसता टीएसएच बघून नाही. आमच्याकडे लोक तीन आकड्यांतला एकच वाचतात.

समजा रिपोर्टवर वरून खाली असं छापलं आहे: टी-३: ९८, टी-४: ११.२, टीएसएच: १४.६. शेवटच्या आकड्यापुढे ठळक खूण. टी-३ आणि टी-४ दोन्ही रेंजमध्ये, उलट टी-४ वरच्या अंगाला, आणि तरीही टीएसएच भलताच चढलेला. गोळी कमी पडत असेल तर टी-४ खालच्या बाजूला असायला हवं होतं. मग हे कोडं कसं सुटतं? बहुतेक वेळा ते असं असतं: कित्येक आठवडे गोळी नीट घेतली नव्हती, तपासणी जवळ आली तेव्हा पाच-सहा दिवस काटेकोर घेतली. टी-४ लगेच वर आलं; टीएसएच मागच्या खाड्यांची बेरीज अजून दाखवत राहिला. हा रिपोर्ट डोस वाढवायला सांगत नाही. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधीच घेतली असेल तर फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं टी-४, काही तास तात्पुरतं वर दिसतं, हेही माहीत हवं. म्हणून रक्त दिल्यावर गोळी घेणं सोयीचं. टीएसएच स्वतःही दिवसभर सारखा नसतो: रात्री उशिरा ते पहाटे तो चढलेला, दुपारी उतरलेला. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या खेपेस कामावरून परतताना चारला रक्त दिलं, तर निव्वळ वेळेमुळे आकडे वेगळे येतील. एकाच निरोगी माणसाचा टीएसएचसुद्धा चाळीस टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतो. तेव्हा ४.१ वरून ४.९ म्हणजे 'वाढला', आणि ३.६ वरून २.९ म्हणजे 'गोळी लागू पडली', असं वाचणं हे फारच ओढून-ताणून वाचणं आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. निदान दोन दिवस आधी त्या थांबवाव्या लागतात. आणि वय. सत्तरी-ऐंशीकडे झुकलेल्या माणसात सहा-सात टीएसएच बहुधा वयाला धरूनच असतो, पण रिपोर्टवर मात्र पंचविशीच्या मुलीची आणि तिच्या आजीची रेंज एकच छापलेली असते.

वन्संचा राग इथे मला समजतो. ती म्हणेल, इतक्या पळवाटा काढल्या तर कोणताच आकडा खरा उरणार नाही. तसं नाही. त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, सारख्या सवयीच्या सहा-आठ आठवड्यांनंतर काढलेला टीएसएच हे थायरॉइडच्या उपचारातलं सर्वांत भरवशाचं मोजमाप आहे, आणि तो सहा पॉइंट आठ आला तर वहिनीचा डोस खरंच वाढवायला हवा, साडेबारा किंवा पंचवीसने, अंगाला काही वाटो अगर न वाटो. आकड्याला वजन येतं ते त्याच्या मागच्या शिस्तीमुळे.

वहिनीच्या तक्रारीचा दुसरा भाग अजून बाकी आहे, आणि तो जास्त अवघड आहे. टीएसएच अडीच असताना तिला थकवा का होता? आकडा बरोबर आहे, तुला काही झालेलं नाही, हे उत्तर बायकांना फार वेळा मिळतं आणि ते चुकीचं आहे. पण 'टीएसएच एकवर आणा, मग बरं वाटेल' हे त्यावरचं दुसरं उत्तरही पुराव्यावर टिकत नाही. वर सांगितलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात रात्रीच्या गोळीने टीएसएच उतरला, तरी रुग्णांना वाटणाऱ्या बरेपणात फरक पडला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपात पासष्टीपुढच्या ७३७ जणांवरच्या मोठ्या चाचणीत, टीएसएच किंचित चढलेल्यांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली गेली. वर्षभराने औषधवाल्यांचा टीएसएच ३.६ च्या आसपास आला. थकवा दोन्ही गटांत सारखाच राहिला. तेव्हा थकव्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. बी-१२, झोप, पाळीतला रक्तस्राव, पहाटे चारपासूनचं काम, हे सगळं थायरॉइडच्या नावावर खपवलं जातं. आणि यात एक फेरा आहे: थकव्यावर लोहाची गोळी सुरू होते, ती सकाळच्या गोळीबरोबर घेतली जाते, तिने थायरॉक्सिन अडतं, टीएसएच चढतो, डोस वाढतो, थकवा तिथेच. म्हणून वहिनीचं अंग खोटं बोलत नव्हतं. ते थायरॉइडविषयी बोलत नव्हतं, एवढंच.

वहिनी: मग मी म्हणते तेच करू ना. लोणावळ्यात लोक लांबून योग शिकायला येतात. सर्वांगासनाने थायरॉइडला रक्त मिळतं, गोळी सुटते म्हणतात. दोन महिने आसनं करते, गोळी बंद ठेवते.

वन्सं: आसनं कर. गोळी बंद करू नकोस.

लोणावळ्याचं नाव या वादात येणं साहजिक आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, तिथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. सर्वांगासनाचा थायरॉइडशी संबंध त्यांनीही आपल्या लेखनात जोडला होता. पण कुवलयानंदांचं खरं वेगळेपण कशात होतं? उड्डियान आणि नौलीत पोटात काय घडतं हे पाहायला त्यांनी क्ष-किरण वापरले, आतला दाब यंत्राने मोजला. परंपरेने सांगितलं म्हणून मानायचं नाही, मोजून पाहायचं, हा त्या संस्थेचा पाया होता. त्याच कसोटीला गोळी सोडण्याचा दावा लावावा. आपल्याकडे थायरॉइड कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी पोखरणं. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पोखरलेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथीला रक्त जास्त पुरवून हार्मोन कुठून येणार? मग 'माझी गोळी सुटली' म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? नाही. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉइड अनेकींत आपोआप सावरतो. किंचित चढलेला टीएसएच नुसता वेळ गेल्यानेही उतरतो: २०१७ च्या त्याच चाचणीत बिनऔषधाच्या गटाचाही टीएसएच साधारण ६.४ वरून वर्षात ५.५ वर आला होता. त्या वर्षात त्यांनी आसनं केली असती तर श्रेय आसनांना गेलं असतं. आसनांनी झोप सुधारते, अंग मोकळं होतं, मन थाऱ्यावर येतं, आणि वहिनीच्या थकव्याला तेवढं कदाचित गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. गोळी सोडायची की नाही हे मात्र गोळी चालू ठेवून, आणि डॉक्टरांनी डोस टप्प्याने कमी करून, प्रत्येक टप्प्याला दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पाहूनच ठरवता येतं.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे. ओपीडीत मिनिटं दोन-तीन मिळतात. तिथे चहा, कॅल्शियम आणि खाडे यांची चौकशी कोण करणार? तळेगावच्या मायमर मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असो की गावातला दवाखाना, गर्दी आहेच. म्हणून ही माहिती रुग्णानेच न्यायची. रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहाव्यात: गोळी कोणत्या कंपनीची आणि किती, रोज कधी आणि कशाबरोबर, गेल्या दीड महिन्यात साधारण किती वेळा राहिली, बरोबर दुसऱ्या कोणत्या गोळ्या. रक्त किती वाजता दिलं ते वन्संसारखी माणसं लिहून देऊ शकतात. या ओळी वाचायला डॉक्टरांना अर्धं मिनिटही लागत नाही, आणि बऱ्याच वेळा त्या वाचल्यावर नवीन डोसऐवजी नवीन तारीख मिळेल.

वन्सं: म्हणजे तुझं ठरलं. पन्नासच ठेवायची, पाण्याबरोबर, धारांच्या आधी. दोन महिन्यांनी सकाळी आमच्याकडे ये.

वहिनी: आणि आपली सोनी? तिचीही गोळी चालूच आहे, आणि परवाच कळलं की दिवस राहिलेत. तिलाही दोन महिने थांबायला सांगू?

वन्सं: नाही गं, तिचं सगळं उलटं. तिने एक दिवस थांबायचं नाही.

हा नियमाला खरोखरचा अपवाद आहे आणि तो घरात सगळ्यांना माहीत असला पाहिजे. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा स्वतःचा थायरॉइड पुरेसं काम करत नसतो. आईच्या रक्तातलं हार्मोनच त्याच्या मेंदूच्या वाढीला लागतं, आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सुरुवात करावी, अशी २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांची शिफारस आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून हे पक्कं करून घ्यावं. टीएसएच लगेच, आणि मग पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी. टी-४ चा आकडा गरोदरपणात एरवीपेक्षा मोठा दिसतो, त्यावर विसंबून राहू नये. अपवाद आणखीही आहेत: ज्यांचा थायरॉइड कॅन्सरमुळे काढला आहे त्यांचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवलेला असू शकतो, आणि ज्यांच्या पियूषिका ग्रंथीतच बिघाड आहे त्यांचा टीएसएच वाचायचाच नसतो, फ्री टी-४ पाहायचं. त्यांनी हा लेख आपल्याला लागू करून घेऊ नये. सोनीने लोहाची गोळी, जी तिला आता मिळेलच, रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी, आणि बाळंतपण झालं की डोस पुन्हा जुन्यावर आणून सहा आठवड्यांनी तपासणी करावी.